लेकीला घेऊन नागपूरला जायचं होतं: पुण्यातल्या एका कस्टडी प्रकरणाचा अभ्यास

मी पुण्यात फॅमिली कोर्टात वकिली करते आणि हे प्रकरण माझ्याकडे आईच्या बाजूनं आलं. लिहायला आई आणि बाबा दोघांनीही हो म्हटलंय, दोघांना आधी वाचायला दिलंय, ओळख पटू नये म्हणून वयं, कामं आणि काही ठिकाणं बदलली आहेत, नावं तर घालतच नाही. आई, बाबा आणि लेक, बस. परदेशात मूल नेण्याबद्दल बरंच काही वाचायला मिळतं पण आमच्याकडे रोज जी भांडणं येतात ती पुणे-नागपूर, पुणे-बेंगळुरू, पुणे-लातूर अशी असतात, आणि त्यात लोक तिकीट आधी काढतात आणि भेटीगाठींचं नंतर बघू म्हणतात. माझं सांगणं उलटं आहे, आधी भेटींचं बघा, आणि कागदावर लिहिलेल्या भेटींच्या आधी ज्या रोजच्या जगण्यात खरंच चालू आहेत त्या बघा.

पार्श्वभूमी

दोघं २०१९ पासून वेगळे राहायला लागले आणि २०२१ ला शिवाजीनगरच्या कोर्टात म्युच्युअल झालं, म्हणजे दोघांच्या संमतीनं घटस्फोट, हिंदू मॅरेज अ‍ॅक्टच्या कलम १३ ब खाली. कडू भांडण नव्हतं. कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटी, जेमतेम दीड पानाच्या. ताबा आईकडे, बाबांना पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यातला शनिवार-रविवार, दिवाळी आणि मेची सुट्टी अर्धी अर्धी, लेकीच्या खर्चाला महिना ९,००० रुपये. आणि एक ओळ, की दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणीही मुलीला भारताबाहेर नेणार नाही. देशातल्या देशात शहर बदललं तर काय, यावर एक अक्षर नाही. मी ज्या कन्सेंट टर्म्स बघते त्यातल्या बऱ्याचशा अशाच असतात, घटस्फोटाच्या वेळी दोघं पुण्यातच असतात आणि पुण्यातच राहणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं.

आई वारज्याला राहायची, एका खासगी कंपनीत अकाउंट्सला. बाबा मोशीला, त्यांच्या आईसोबत, नोकरी भोसरीतल्या एका कारखान्यात. आता भोसरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी असते गुरुवारी. म्हणजे कोर्टानं दिलेले शनिवार-रविवार बाबांच्या ड्यूटीचे दिवस, त्यासाठी त्यांना दर वेळी रजा टाकावी लागायची किंवा कोणाशी तरी पाळी बदलून घ्यावी लागायची, आणि खरा मोकळा वार गुरुवार, जो कागदावर कुठेच नव्हता. मग झालं असं की दर गुरुवारी शाळा सुटली की बाबा गेटवर उभे. लेकीला पोहायला न्यायचे, तासभर कठड्यावर बसायचे, मग बाहेर काहीतरी खाऊन, गृहपाठ करून घेऊन आठच्या सुमारास वारज्याला सोडायचे. आईनं कधी हरकत घेतली नाही, उलट तिलाही तेवढा एक संध्याकाळचा वेळ मिळायचा. तीन वर्षं हे असंच चाललं, कोणीही कोणाला लेखी काही विचारलं नाही.

नेमका प्रॉब्लेम काय झाला

२०२४ च्या फेब्रुवारीत आईच्या वडिलांना नागपूरला अर्धांगवायूचा झटका आला. घरी फक्त आजी, वय सत्तरीच्या जवळ. आई दर पंधरा दिवसांनी रात्रीच्या बसनं नागपूर करत होती, लेकीला कधी बाबांकडे ठेवून कधी बरोबर घेऊन. मार्चमध्ये तिला नागपूरच्या मिहान या औद्योगिक भागातल्या एका कंपनीत नोकरी मिळाली, पगार पुण्यापेक्षा बरा, आणि मुलाखतीत तिनं जूनमध्ये जॉइन होते असं सांगूनही टाकलं. लेक चौथीत होती, शाळा चौथीपर्यंतचीच, पाचवीला तसंही नवीन शाळा बघायचीच होती. तिला वाटलं हीच योग्य वेळ. तसं बघायला गेलं तर चूक काहीच नव्हतं त्यात.

एप्रिलमध्ये तिनं शाळेत दाखल्यासाठी अर्ज दिला. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी रेकॉर्डवर वडिलांचा नंबर होता म्हणून सहज फोन केला, की दाखला नागपूरच्या शाळेसाठी काढायचाय ना, फी बाकी आहे तेवढी भरून टाका. बाबांना हे असं कळलं. त्यांनी आईला फोन केला, ती म्हणाली मी सांगणारच होते, ते म्हणाले दाखला काढल्यावर सांगणार होतीस का, आणि तिथून पुढे दोघांचं बोलणंच बंद झालं.

मी नंतर दोघांशीही बोलले तेव्हा जाणवलं की नागपूर हा राग नव्हताच मुळी, किंवा पहिल्या दिवशी तरी नव्हता. सासरेबुवा आजारी आहेत हे बाबांना माहीत होतं, ते स्वतः फेब्रुवारीत फोन करून विचारपूस करत होते. राग होता तो शाळेच्या क्लार्ककडून कळण्याचा. दोन दिवसांत ते चौकीत गेले, तिथे त्यांना सांगितलं की ताबा आईकडेच आहे, हा कोर्टाचा विषय आहे. मग त्यांनी वकील लावला आणि एप्रिलच्या शेवटी अर्ज आला, मुलीला पुण्याबाहेर नेण्यास मनाई करावी, दाखला देऊ नये, आणि आईला जायचंच असेल तर ताबा वडिलांकडे द्यावा.

अर्जाची कॉपी घेऊन आई माझ्याकडे आली. तिचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, कागदावर तर फक्त भारताबाहेर लिहिलंय ना? नागपूर काय परदेश आहे का?"

कायद्यात काय आहे आणि काय नाही

आधी हे सांगते की मुलाला घेऊन शहर बदलण्याबद्दल वेगळं असं कलम आपल्याकडे कुठल्याही कायद्यात नाही. लॉ कमिशननं मे २०१५ च्या २५७ क्रमांकाच्या रिपोर्टमध्ये पालकाचं स्थलांतर, आजी-आजोबांचा वेळ, पॅरेंटिंग प्लॅन या सगळ्यावर मार्गदर्शक सूचना सुचवल्या होत्या पण त्याचा कायदा झालेला नाही. त्यामुळे वकील आणि जज दोघंही काम करतात ते जुन्या कलमांवर आणि निकालांवर.

हिंदू मायनॉरिटी अँड गार्डियनशिप अ‍ॅक्ट १९५६, कलम १३, मुलाचं हित सगळ्यात वर. कलम ६ मध्ये पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे असं आहे, आणि याचाच उलटा अर्थ लावून घराघरात सांगितलं जातं की पाच वर्षांनंतर मूल बापाकडेच जातं. बाबांच्या काकांनी त्यांना हेच सांगितलं होतं. तसं काही नाही, पाचनंतर कोणाकडेही आपोआप जात नाही, हित बघूनच ठरतं. मग १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट. त्याच्या कलम २६ प्रमाणे कोर्टानं नेमलेल्या पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाला हद्दीबाहेर नेता येत नाही. बाबांच्या वकिलांनी हे कलम दाखवलं. आमचं म्हणणं असं की आई नैसर्गिक पालक आहे, ताबा संमतीनं आलाय, तिला कोर्टानं गार्डियन म्हणून नेमलेलं नाही, त्यामुळे ते कलम सरळ लागू होत नाही.

पण इथेच मी आईला थांबवलं. कारण हिंदू मॅरेज अ‍ॅक्टचं दुसरं एक कलम २६ आहे, त्याखाली डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम, झाल्यानंतरही कोर्ट ताब्याबद्दलचे आदेश वेळोवेळी बदलू शकतं. सुप्रीम कोर्टानं १९७३ मध्येच म्हटलंय की ताब्याचे आदेश कायमचे दगडावर कोरलेले नसतात. आणि पहिला-तिसरा शनिवार-रविवार ही अट नागपूरला राहून पाळायची कशी? जवळजवळ सातशे किलोमीटर. भारताबाहेर हा शब्द तिच्या बाजूनं होता, पण त्याच कागदावरची भेटीची ओळ तिच्या विरुद्ध होती, आणि ती पहिल्याच महिन्यात मोडली असती. मग बाबांनी कंटेम्प्ट, म्हणजे कोर्टाच्या अवमानाचा अर्ज, टाकला असता किंवा अंमलबजावणीचा अर्ज केला असता, आणि ताबा बदलण्यासाठी त्यांच्या हातात एक आयतं कारण गेलं असतं.

निकालांकडे येऊ. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टापुढे असंच म्युच्युअल झालेलं जोडपं होतं, आईला मुलाला घेऊन ऑस्ट्रेलियाला जायचं होतं, कोर्टानं मुलाशी बोलून परवानगी कायम ठेवली. २०२० मध्ये बेंगळुरूहून सिंगापूरला जाणाऱ्या आईला परवानगी मिळाली, वडिलांसाठी व्हिडिओ कॉल आणि भेटी ठरवून. आणि आपल्या पुण्याचंच, जुलै २०२२, इथल्या फॅमिली कोर्टानं एका आईला नऊ वर्षांच्या मुलीला पोलंडला न्यायला नकार दिला होता, मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी तो फिरवला आणि सांगितलं की आईला मूल आणि करिअर यातलं एक निवड असं म्हणता येणार नाही. सुट्ट्यांमध्ये मुलीला भारतात आणायची अट मात्र घातली.

आई हे ऐकून खूश झाली, की पोलंड चालतं तर नागपूर का नाही. मला हा युक्तिवाद कोर्टात करायचा नव्हता आणि मी तो केला नाही. कारण किलोमीटर मोजून काही ठरत नाही, मूल त्या दुसऱ्या पालकाबरोबर रोज काय जगत होतं आणि त्यातलं काय तुटणार हे बघितलं जातं. पोलंडच्या प्रकरणात आई २०१५ पासून एकटीच मुलीला वाढवत होती. आमच्याकडे बाबा दर गुरुवारी शाळेच्या गेटवर होते.

समोर काय काय पर्याय होते

पहिला, न विचारता निघून जायचं. माझा याला ठाम विरोध होता. वर सांगितलेलं कंटेम्प्टचं तर आहेच, शिवाय गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्टच्या कलम ९ मध्ये मूल नेहमी जिथे राहतं तिथलं कोर्ट असं आहे, त्यामुळे लेक नागपूरला गेली असती तर केस पुण्याची का नागपूरची यावरच महिनोन्‌महिने गेले असते आणि त्या सगळ्या काळात बाप-लेकीची भेट नाही. तसंही अर्ज आल्यावर आणि मनाई मागितलेली असताना मूल घेऊन जाणं म्हणजे जजसमोर आपणच आपली बाजू पाडून घेणं.

दुसरा, नोकरी सोडून द्यायची आणि पुण्यातच राहायचं. आई यालाही तयार झाली होती एका क्षणी, रडून. पण मग आजोबांचं काय. त्यांना पुण्यात आणायचा विचार झाला, वारज्याचा फ्लॅट वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. डॉक्टर, फिजिओ, शेजारपाजार सगळं नागपूरला. तो पर्याय दोन दिवसांत संपला.

तिसरा म्हणजे लेक बाबांकडे, आई नागपूरला. हा बाबांच्या अर्जातच होता. मी आईला सांगितलं, हा राग बाजूला ठेवून बघ, कारण कोर्ट बघणारच आहे. बाबा चांगले वडील होते यात वाद नाही. पण कारखान्यात पाळ्या, सकाळची पाळी म्हणजे सहाला घर सोडायचं, घरी आजी, त्यांना गुडघ्यांचा त्रास, मोशीहून शाळा बदलावीच लागणार. म्हणजे लेकीची शाळा दोन्हीकडे बदलत होती, फक्त एकीकडे ती जिच्याबरोबर रोज झोपते-उठते ती आई होती.

चौथा, आईनं वर्षभर नोकरी पुढे ढकलायची. कंपनी एवढं थांबणार नव्हती, फार तर महिनाभर.

पाचवा, परवानगी मागायची आणि भेटींचं वेळापत्रक नव्यानं बांधायचं. आम्ही हा घेतला. हिंदू मॅरेज अ‍ॅक्टच्या कलम २६ खाली आमचाही अर्ज टाकला, बाबांच्या अर्जाला से, म्हणजे लेखी उत्तर, दिला, आणि त्या से मध्ये गुरुवारच्या भेटी आपणहून लिहिल्या. आईला हे आधी पटलं नाही. ती म्हणाली, "त्यांच्याच बाजूचं आपण कशाला लिहायचं?" मी म्हटलं, अगं ताई, ते खरं आहे आणि मुलीला विचारल्यावर ती पहिलं तेच सांगणार आहे.

काय काय घडलं

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी. सुट्टीच्या आधीच्या तारखेला अंतरिम आदेश झाला, की पुढच्या तारखेपर्यंत मुलीला पुण्याबाहेर कायमचं हलवायचं नाही, सुट्टीपुरतं आजोळी नेता येईल, परत आणायची तारीख लेखी द्यायची. दाखल्यावर तात्पुरती स्थगिती. आईला हे अपमानासारखं वाटलं पण मला हा आदेश बरा वाटला, कारण तिनं तारीख दिली आणि सांगितलेल्या दिवशी लेकीला परत आणली, आणि पुढे बाबांचा जो थोडाफार विश्वास परत बसला तो इथून बसला.

जूनमध्ये कोर्टातल्या विवाह समुपदेशक मॅडमकडे बैठका सुरू झाल्या. फॅमिली कोर्टात हे असतंच, १९८४ च्या कायद्याप्रमाणे कोर्टानं आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो. पण लोक तिथे तोंडदेखलं जातात, पर्सिस, म्हणजे छोटं लेखी निवेदन, टाकून मोकळे होतात. इथे मॅडमनी एक चांगलं केलं. दोघांनाही वेगवेगळं बसवून एकच कागद दिला, लेकीचा सोमवार ते रविवार लिहा, तुमच्याकडे राहिली तर, सकाळी उठण्यापासून, कोण डबा देणार, कोण आणणार, ताप आला तर कोण रजा घेणार. बाबांचा कागद मंगळवारपर्यंत नीट भरलेला होता आणि पुढे रिकामा. त्यांनी स्वतःच तो परत दिला आणि म्हणाले की माझ्याकडे ठेवायचं जमणार नाही हे मला माहितीये, मला फक्त ती नागपूरची होऊन जाईल याची भीती वाटते. त्यांच्या वकिलांनी ताब्याचा मुद्दा लगेच सोडला नाही पण त्या दिवसानंतर तो नावापुरता राहिला.

लेकीशी मॅडम दोनदा बोलल्या आणि मग जजसाहेब चेंबरमध्ये बोलले, वकील बाहेर, आई-बाबा बाहेर. गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्टच्या कलम १७ मध्ये आहे की मूल समजून उमजून मत देण्याएवढं मोठं असेल तर कोर्ट ते विचारात घेऊ शकतं. नऊ वर्षांच्या पोरीला तुला कोण हवं असं विचारणं क्रूर आहे आणि सुदैवानं कोणी तसं विचारलं नाही. तिला शाळा, मैत्रिणी, आजी-आजोबा, आठवडा कसा जातो हे विचारलं. नागपूरला जायला ती तयार होती, आजोबांना चमच्यानं भरवते हे तिनं अभिमानानं सांगितलं. आणि मग विचारलं, "पण मग गुरुवारी बाबा कुठे येणार?"

हे वाक्य समुपदेशकांच्या टिपणात आलं आणि तिथून आमची चर्चाच बदलली. तोपर्यंत दोन्हीकडचे आम्ही वकील शनिवार-रविवारांचा हिशोब करत बसलो होतो, वर्षाला ४८ दिवस, अधिक दिवाळीचे आठ-दहा, अधिक मेचे वीस, ते नागपूरहून कसे भरून काढायचे. पण लेकीच्या लेखी बाबा म्हणजे गुरुवार होता, आणि त्याचा हिशोब कोणाच्याच अर्जात धड नव्हता.

मग आईच्या घरून भिंतीवरचं कालनिर्णय आणलं आणि मॅडमच्या टेबलावर पसरून दोघांनी रंगीत पेनांनी महिने भरले, लाल बाबांचा, निळा आईचा. तासाभरात दोन गोष्टी लक्षात आल्या ज्या टाइप केलेल्या मसुद्यात कधीच आल्या नसत्या. एक म्हणजे विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी लांब आणि बाबांच्या वाट्याला जास्त दिवस येऊ शकतात, आणि आम्हालाही सेटलमेंटला तेवढे दोन आठवडे मिळाले. दुसरी गोष्ट गणपती. बाबांकडे पाच दिवसांचा गणपती आणि गौरी असतात, लेक दर वर्षी तिथेच असायची, पण नागपूरच्या शाळेला तेव्हा तेवढी सुट्टी नसते. यावर बाबा खूप वेळ गप्प बसले. शेवटी प्रतिष्ठापनेचा आणि दुसरा असे दोन दिवस, शाळा बुडाली तरी चालेल, असं आईनंच सुचवलं.

शेवटी काय ठरलं

जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुधारित कन्सेंट टर्म्स दाखल झाल्या, आधीच्या दीड पानाच्या जागी सात पानं. ताबा आईकडेच, नागपूरला जायला परवानगी. उन्हाळ्याच्या सुट्टीतले ३५ दिवस बाबांकडे पुण्यात, दिवाळीचे ९, गणपतीचे २. बाकीच्या महिन्यांत एक शनिवार-रविवार, एका महिन्यात लेक पुण्याला, पुढच्या महिन्यात बाबा नागपूरला. गुरुवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेसात व्हिडिओ कॉल, हा वेळ फक्त बाबांचा, त्यात क्लास ठेवायचा नाही, पाहुणे आले तरी हलवायचा नाही. सुप्रीम कोर्टानं २०२० च्याच आणखी एका निकालात म्हटलंय की वेगळ्या राज्यात किंवा देशात राहणाऱ्या पालकाला भेटीसारखाच संपर्काचाही हक्क आहे, रोज पाच-दहा मिनिटं व्हिडिओवर बोलता यावं, त्याचा आधार घेऊन रोजचा छोटा फोनही लिहिला.

पैशांवरून दोन बैठका गेल्या. माझं मत असं आहे, आणि मी ते माझ्या अशिलालाही सांगितलं, की अंतर ज्यानं वाढवलं त्यानं प्रवासाचा मोठा वाटा उचलावा. आईचा पगार वाढत होताच. लेकीला पुण्याला आणण्या-नेण्याचा खर्च तिनं घेतला, बाबा नागपूरला जातील तो त्यांचा त्यांनी. विमान कंपन्या लहान मुलांना एकटं न्यायची सोय देतात, फी घेऊन, पण पहिलं वर्ष लेक एकटी प्रवास करणार नाही असं ठरलं, त्यामुळे सुट्ट्या सोडल्या तर बहुतेक वेळा ट्रेनच.

बाकीची कलमं अशी: नवीन शाळेत दोघांचे नंबर, रिझल्ट आणि नोटिसा दोघांना, दवाखान्यात दाखल करायची वेळ आली तर लगेच फोन, यापुढे कोणालाही शहर बदलायचं असेल तर ६० दिवस आधी लेखी कळवायचं, आणि एका शैक्षणिक वर्षानंतर सगळ्याचा आढावा. दाखला दोघांच्या सह्यांनी निघाला. आई कंपनीत महिनाभर उशिरा जॉइन झाली.

दिवसांचा हिशोब केला तर बाबांचे दिवस कमी झालेत, हे मी लपवणार नाही. गुरुवारच्या वर्षाच्या पन्नासेक संध्याकाळी गेल्या त्या गेल्याच. त्यांनी सही केली तेव्हा त्यांना हे पूर्ण माहीत होतं.

वर्षभरात काय झालं

व्हिडिओ कॉल पहिले दोन महिने फसले. लेक कॅमेऱ्यासमोर बसायची, जेवलीस का, हो, शाळा कशी, छान, आणि दहा मिनिटांत बाय. बाबांना वाटलं आई शिकवते, त्यांनी मला नोटीस द्यायचीही तयारी केली. समुपदेशक मॅडमनी सुचवलं की नुसतं बोलायला बसवू नका, काहीतरी करायला बसवा. मग बाबांनी एकाच गोष्टीच्या पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या, एक नागपूरला पाठवली, आणि गुरुवारी एक पान ती वाचणार एक पान ते, असं सुरू झालं. हे टिकलं. गृहपाठाची वही कॅमेऱ्यासमोर धरून गणितं सोडवणंही टिकलं.

ऑक्टोबरमध्ये बाबांच्या कारखान्यात ओव्हरटाइम लागला, नागपूरची फेरी रद्द झाली. टर्म्समध्ये रद्द झालेली भेट कधी भरून द्यायची हे लिहिलंच नव्हतं. त्यावरून आठवडाभर मेसेजबाजी झाली, शेवटी दिवाळीत दोन दिवस वाढवून मिटलं. तान्ह्या पोळ्याला लेकीनं लाकडी बैल सजवून सोसायटीत फिरवला, तो व्हिडिओ तिनं स्वतः बाबांना पाठवला, आणि बाबांनी तो मला पाठवला, म्हणजे समोरच्या बाजूच्या वकिलाला, कुठलाही शेरा न मारता. शाळेत हिंदी जास्त असल्यानं पहिली सहामाही तिला जड गेली, नंतर रुळली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठं म्हणजे दाखल्याच्या आधी फोन. मार्चमध्ये ऑफर लेटर आलं त्याच आठवड्यात आईनं बाबांना सांगितलं असतं, लेखी, साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, की मला जायचंय, तुझ्या भेटींचं असं असं करू, तर माझ्या मते कदाचित अर्ज झालाच नसता, थेट संमतीचा मसुदा झाला असता. मुलाखतीत जूनची तारीख देऊन बसल्यामुळे तिच्याकडे मागे यायला जागा उरली नाही आणि बाबांना ते धमकीसारखं वाटलं. बाबांनीही चौकीऐवजी आधी तिच्या भावाशी किंवा कोणा मध्यस्थाशी बोलायला हवं होतं, त्या एका फेरीमुळे आईच्या मनात जी भीती बसली ती जायला जूनचा शेवट उजाडला.

२०२१ च्या टर्म्समध्ये नुसती एवढी ओळ असती, की शहर बदलायचं असल्यास अमुक दिवस आधी कळवायचं आणि भेटी नव्यानं ठरवायच्या, तरी पुरे झालं असतं. आता माझ्याकडे म्युच्युअलसाठी कोणीही आलं की मी ही ओळ घालतेच, दोघं म्हणाले आम्ही कुठे जाणार आहोत तरी. आणि कागदावर नसलेल्या भेटी, गुरुवारसारख्या, त्या लिहून घेते, कारण त्या लिहिलेल्या नसल्या की भांडणाच्या वेळी त्या कधी होत्याच नाहीत असं धरलं जातं.

अंतरिम आदेशाला आईनं मनातून विरोध केला तसा बरेच जण करतात. मला वाटतं मूल परत आणून दाखवण्याची संधी म्हणून त्याकडे बघावं, आणि हे जेवढ्या लवकर अशिलाला समजावता येईल तेवढं बरं.

आढावा २०२५ च्या जूनमध्ये झाला, कोर्टात न जाता, समोरासमोर बसून, मी आणि बाबांचे वकील दोघंही होतो. व्यवस्था पुढच्या वर्षासाठी चालू ठेवली, बुडालेली भेट ४५ दिवसांत भरून द्यायची हे कलम वाढवलं. एक मुद्दा अजून मिटलेला नाही. मोशीच्या आजीला नातीशी स्वतःचा असा वेळ हवाय, बाबांच्या वेळेतला उरलेला नको, आणि त्या ट्रेननं एवढा प्रवास करू शकत नाहीत. आईची ना नाही, पण त्यासाठी दिवस कोणाच्या वाट्यातून काढायचे यावर दोघं अडलेत, आणि दिवाळीच्या तारखा ठरवताना त्यावर परत बसायचं ठरलंय.